मदत हवी आहे: निवृत्तीआधी कोर्स कुठला घ्यावा?

मंडळी, मी सैन्यात हवालदार. 24 वर्षं भरतायत, मे महिन्यात कायमचा देवगडला. निवृत्तीआधी डीजीआरचे (सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी महासंचालनालय) कोर्स मिळतात. आमच्या मेजरसाहेबांना आयआयएममध्ये 24 आठवडे मॅनेजमेंट. माझ्यापुढे क्लार्कने यादी सरकवली, ‘सिक्युरिटी सुपरवायझर’वर आधीच पेन्सिलची खूण! विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला हेच बरं." साहेबांचा राग नाही, माणूस चांगलाय. पण गेटवर उभं राहायला मला कोर्स कशाला? आयुष्यभर तेच केलंय.

घरची हापूसची चाळीस कलमं आहेत, डागी आंबा दरवर्षी कवडीमोलाने जातो. मला फळप्रक्रिया शिकायचीय. जवानांना असा कोर्स कुणी मागून मिळवलाय का? अर्ज युनिटमधूनच करावा लागतो, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारू? आईला फोनवर अजून काही बोललो नाही.