नर्सिंग स्टाफला पाठबळ म्हणजे नक्की काय द्यायचं?

प्रश्न : पाळीप्रमुख
100 खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय, तीन पाळ्या. महिन्याची उत्कृष्ट परिचारिका निवडतो, 12 मेला परिचारिका दिन साजरा होतो. तरी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या मुली वर्षभरात सोडून जातात आणि राहिलेल्या सांगितलं तेवढंच करतात. पाठबळ वाढवलं की कामातली ओढ वाढते म्हणतात. सुरुवात कुठून करू, आणि फरक पडला हे मोजू कसं?

रोस्टरवही
सत्कार राहू द्या, आधी ड्युटी रोस्टर समोर घ्या. एका वॉर्डात प्रत्येक पाळीला एक सिस्टर हवी, तर आठवड्याच्या 21 पाळ्या झाल्या. एकजण 6 करते, म्हणजे साडेतीन जणी. त्यावर रजा-आजारपणासाठी 30 टक्के राखीव धरले की आकडा साडेचारच्या वर जातो. हाच वॉर्ड तिघींवर चालत असेल तर वीकली ऑफ मोडणारच आणि नाईट संपल्यावर ‘रिलीव्हर आली नाही, थांब’ होणारच. मग मेट्रनने, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांनी, कितीही मायेने विचारपूस केली तरी ती पोचत नाही.

रोस्टर आदल्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत लावा. बदल करायचा तर तिला विचारून. बुडालेला ऑफ 15 दिवसांत परत द्या आणि त्याची वही ठेवा, तोंडी हिशेबात तो हमखास हरवतो.

आकडेमोड
मोजायला कामातली ओढ तपासणारी उत्रेख्तची 9 प्रश्नांची प्रश्नावली (UWES-9) पुरते. ऊर्जा, समर्पण, तल्लीनता यांचे तीन-तीन प्रश्न, गुण 0 ते 6. जोडीला पाठबळाचे प्रश्न घाला, पण वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, सहकारी आणि व्यवस्थापन यांचे वेगवेगळे. एकत्र विचारलंत तर पाठबळ कुठे कमी पडतं ते कळत नाही. ‘रात्री रुग्ण बिघडला तर डॉक्टर फोन उचलतात का?’ असे थेट विचारा.

फॉर्मवर एम्प्लॉयी कोड नको, आणि ते इन्चार्जने गोळा करू नयेत, नाहीतर सगळे 5 आणि 6 येतील. 8 पेक्षा कमी जणांच्या वॉर्डचे आकडे दुसऱ्या वॉर्डात मिसळा, नाहीतर उत्तर कोणाचं ते ओळखू येतं. एकाच पाहणीवरून कारण ठरवू नका, कारण ज्यांचं मन रमलेलं असतं त्यांना पाठबळही जास्त वाटतं. आधी दोनच वॉर्डांत रोस्टर सुधारा, सहा महिन्यांनी सगळीकडे पुन्हा मोजा.

संसर्गनियंत्रण
मावशी-मामांना, म्हणजे सफाई आणि मदतीच्या कर्मचाऱ्यांना, पाहणीतून वगळू नका. कंत्राटी म्हणून ते यादीतच नसतात, आणि कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचते त्यांनाच. जखम साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत. तो कॅज्युअल्टीत, रात्रीही, पैसे न भरता मिळाला पाहिजे. फार्मसीच्या कुलपात असेल तर त्याचा उपयोग नाही.

नातेवाईक अंगावर आले तर रुग्णालयातल्या हिंसाचाराविरुद्धच्या 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली तक्रार रुग्णालयाने करावी. मार खाल्लेल्या सिस्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नका.