पीटर डेमियन: विकत पद घेतलेल्या बिशपानं दिलेली दीक्षा त्यानं खरी का मानली?

ओलित_दारव्हा
नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या गावात सामुदायिक प्रार्थनेनंतर मध्ययुगीन युरोपवर अर्धा तास बोलायचं आहे. विषय पीटर डेमियन (१००७–१०७२), इटलीतला ख्रिस्ती मठवासी अन् चर्च-सुधारक. एका जागी अडलो. हा माणूस सायमनीचा, म्हणजे धर्मपदांच्या खरेदी-विक्रीचा, हाडवैरी. तरी १०५२ च्या 'लिबेर ग्रातिसिमुस' या पुस्तकात तो म्हणतो की पैसे देऊन बिशप झालेल्यानं दिलेली धर्मगुरूपदाची दीक्षा खरीच. समोर शेतकरी अन् शाळेतले गुरुजी राहतील, पहिला प्रश्न हाच येईल. काय सांगू?

पूर्णाकाठ
भाऊ, आधी दोन माणसं वेगळी करा, नाहीतर बोलणं तिथंच फसते. एक, ज्यानं स्वतः पैसे मोजून पद घेतलं. दुसरा, ज्यानं छदामही दिला नाही, पण दीक्षा देणारा बिशपच तसा निघाला. डेमियनचं पुस्तक या दुसऱ्याच्या बाजूनं आहे. पहिला त्याच्या लेखी गुन्हेगारच.

हा प्रश्न पेटला १०४९ च्या रोमच्या धर्मसभेत. पोप लिओ नववा अशा सगळ्या दीक्षा रद्द करायला निघाला होता. सभेत गदारोळ झाला, कारण मग बहुतेक चर्चमध्ये मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) म्हणायला कोणी उरलंच नसतं. शेवटी पोप क्लेमेंट दुसऱ्याचा १०४७ चा नियम कायम राहिला: दीक्षा देणारा सायमनीवाला आहे हे माहीत असून घेतली असेल, तर ४० दिवस प्रायश्चित्त करायचं अन् कामावर परतायचं.

रद्द करण्यातली खरी अडचण साखळीची. दीक्षा पोकळ, तर त्या धर्मगुरूची मिस्सा पोकळ, त्यानं दिलेली पापक्षमाही पोकळ. तो पुढं बिशप झाला असेल तर त्यानं घडवलेले धर्मगुरूही गेले. बाप्तिस्मा तेवढा वाचतो, कारण तो गरज पडल्यास कोणीही देऊ शकते.

युक्तिवादाचं मूळ ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती विचारवंतात आहे: संस्कार ख्रिस्ताचा, धर्मगुरूचा फक्त हात. त्याचा दाखला ओलितवाल्या गावात लगेच कळेल. दगडी दांडातून पाणी वाफ्यात जाते. दांडात काही उगवत नाही, वाफा मात्र भिजते.

जुनी_बखर
वरचं नेमकं आहे. पण 'खरी' म्हटलं की लोकांना 'माफ' ऐकू येतं, म्हणून लगेच इटलीतल्या मिलान शहराचं प्रकरण सांगा. १०५९ मध्ये डेमियन आणि लुक्काचा बिशप आन्सेल्म पोपचे दूत म्हणून तिथं गेले. तिथं दीक्षेचे दर ठरलेले होते: उपडीकन १२ नाणी, डीकन १८ (ही दोन्ही धर्मगुरूच्या खालची पदं), धर्मगुरू २४. म्हणजे जवळपास सगळेच दोषी. रोमनं संत अँब्रोसच्या, म्हणजे मिलानच्या जुन्या थोर बिशपाच्या, चर्चमध्ये ढवळाढवळ का करावी, म्हणून घंटा वाजवून जमाव उठला होता; डेमियननं त्यांच्यासमोर उभं राहून त्यांना शांत केलं.

मग आर्चबिशप ग्वीदोला १०० वर्षांचं प्रायश्चित्त, दरवर्षी ठरावीक रक्कम भरून फेडण्याच्या सोयीसह. बाकीच्यांनी सायमनी सोडल्याची शपथ घ्यायची, प्रायश्चित्त करायचं. तरी सगळ्यांना काम परत नाही मिळालं. शिकलेले, ब्रह्मचर्य पाळणारे आणि गंभीर वर्तनाचे, तेवढेच परत. मला डेमियनचं मोठेपण इथं दिसतं. तत्त्व न सोडता शहर सांभाळलं त्यानं.

पैशाच्या पापाला पुन्हा पैसाच, असं कोणी विचारेलच. प्रायश्चित्ताच्या बदली दान ही तेव्हाची मान्य रीत होती, त्यात पद मिळत नव्हतं.

पूर्णाकाठ
विरोधी बाजू सोडू नका. कार्डिनल हुम्बेर्ट, तोच जो १०५४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवून आला, तो म्हणे सायमनीवाला पाखंडी, अन् पाखंड्याजवळ पवित्र आत्माच नाही, तर तो देईल कुठून? दोघंही सुधारकच होते, हे नक्की सांगा. एक बाजू सुधारकांची अन् दुसरी भ्रष्टांची, अशी मांडणी केली की हा वाद कळतच नाही.

ओलित_दारव्हा
आभारी आहे जी. मग जन्म, पोरकेपण, फाएन्झा-पार्माचं शिक्षण कितपत घेऊ?

जुनी_बखर
पाच मिनिटं पुरे. रेव्हेन्नात जन्म, १०३५ च्या सुमारास फोंते आवेल्लानाच्या मठात प्रवेश, १०४३ ला तिथला मठप्रमुख, १०५७ ला नको नको म्हणत असताना ओस्तियाचा कार्डिनल-बिशप. आग्रह करणाऱ्यांत हिल्देब्रांड होता, पुढचा पोप ग्रेगरी सातवा. त्याला डेमियन 'पवित्र सैतान' म्हणायचा. सरळ १०४९ च्या सभेपासून सुरुवात करा, हे सारं मधे येईल.