निरीक्षणगृहातून घरी आलेल्या मुलासाठी वर्षभर वेळ देणारा माणूस सोलापुरात मिळेल का?

पूर्वभागवाली
गुन्ह्याच्या आरोपात सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला चौकशीच्या काळात निरीक्षणगृहात ठेवतात. बाल न्याय मंडळाने जामीन दिला किंवा परिविक्षेवर, म्हणजे चांगलं वागण्याच्या अटीवर देखरेखीखाली सोडलं, की मुलगा घरी येतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते. आई विड्या वळत बसलेली, बाप यंत्रमागावर पाळीला, आणि ज्यांच्यासोबत हा सापडला ती पोरं गल्लीच्या तोंडाशीच उभी. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, मंडळाला द्यायचा असतो, तो दिला जातो. पण त्यानंतर त्या मुलाला रोजच्या जगण्यात विचारणारं कुणी नसतं.

माझं म्हणणं असं की शहरातल्या कामधंद्याच्या माणसांनी एकेका मुलासाठी वर्षभर आठवड्यातला एक ठरलेला वेळ द्यावा. शाळा सुटली असेल तर बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून द्यायचा, आयटीआयची चौकशी करायची, आधार कार्डावरची जन्मतारीख दुरुस्त करायला सोबत जायचं, मंडळाची तारीख चुकू द्यायची नाही. उपदेश त्याला घरात, चौकीत, शाळेत भरपूर मिळालेला असतो. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातले अर्नेस्ट कूल्टर हे कारकून १९०४ साली शहरातल्या प्रतिष्ठितांपुढे उभे राहिले आणि प्रत्येकाने एका मुलाशी मैत्री करावी असं त्यांनी सांगितलं. ‘बिग ब्रदर्स’ची चळवळ तिथून उभी राहिली. आपल्याकडे का होऊ नये?

चाटीगल्ली_दुकानदार
ताई, स्पष्ट बोलतो. माझ्या पुतणीच्या गळ्यातली साखळी गाडीवरून आलेल्या दोघांनी हिसकावली. ती रस्त्यावर आपटली, मनगट मोडलं. दोघांतला एक सतरा वर्षांचा निघाला. तिला अजून मागून गाडीचा आवाज आला की घाम फुटतो. तिच्यासाठी कुणी आठवड्यातून एकदा आलं का? पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंते गाडीखाली मेले आणि सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. लोक भडकले तेव्हा कुठे त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. आता वर हे सोबती. पोरांना भीती उरणार कशाची?

पूर्वभागवाली
तुमच्या पुतणीसाठी कुणी आलं नाही, हे वाईटच झालं आणि त्यावर वेगळं भांडायला मी तयार आहे. पण तिच्याकडे झालेल्या दुर्लक्षाची भरपाई दुसऱ्या पोराला एकटं सोडून कशी होणार? पुण्याच्या प्रकरणाचा राग मलाही आला. मात्र त्या मुलामागे घर, वकील, पैसा सगळं उभं होतं. आपल्याकडे साखर पेठेतल्या किंवा विडी घरकुलातल्या पोराची आई मंडळात जायचं म्हणजे त्या दिवसाच्या विड्या सोडून जाते. तुम्ही दोघांना एकाच मापाने मोजताय.

आणि भीतीचं म्हणाल, तर ज्याने कोठडीची धास्ती आधीच घेतलेली आहे तो पुन्हा त्याच पोरांत का जातो, याचं उत्तर भीतीत सापडत नाही. दुपारी दोन वाजता जायला दुसरी जागा नसते म्हणून तो जातो.

निवृत्त_गुरुजी_होटगीरोड
माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. चांगल्या मनाने केलेली मदत अंगाशी येऊ शकते. मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक दिला. सरासरी पाच वर्षं घरी जाणं, अभ्यास, दवाखाना, उन्हाळी शिबिरं, सगळं केलं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्याच मुलांचा माग काढला, तेव्हा त्यातल्या कित्येकांनी मनापासून सांगितलं की आम्हाला फार उपयोग झाला. आकडे मात्र उलटे निघाले. मदत मिळालेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करणारे आणि दारूच्या आहारी गेलेले जास्त होते. १९७८ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्या तपासणीत दिसलं की ज्यांना शिबिराला एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं, नुकसान मुख्यतः त्यांचं झालं.

२००२ चा ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा अभ्यास तर तुमच्या ‘बिग ब्रदर्स’वरचाच. वर्षभर टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना फायदा झाला, पण तीन महिन्यांच्या आत ज्यांचा माणूस निघून गेला त्यांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षा घसरली. आता आपल्या गावातला उत्साह आठवा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत टिकेल, मार्चअखेरीला हिशेबाची घाई लागली की सगळे गायब. बाप सोडून गेलेल्या पोराला आणखी एक सोडून जाणारा माणूस देऊ नका. त्यापेक्षा परिविक्षा अधिकारी वाढवायची मागणी करा. पगारी माणसाला जाब विचारता येतो.

काळाकोट_सोलापूर
वकील म्हणून दोन गोष्टी. कायद्यात याला जागा आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १८ प्रमाणे मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर पालकाच्या किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली सोडू शकतं, कमाल तीन वर्षांसाठी. कलम १२ प्रमाणे जामीन नाकारण्याचं एक कारण म्हणजे सुटका झाल्यास तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल अशी शक्यता. घराबाहेरचा एक भरवशाचा माणूस पाठीशी आहे, हे मंडळासमोर मांडलं तर त्याला वजन येतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलाचं नाव, पत्ता, शाळा उघड करायला कलम ७४ ची बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आज आमच्या मुलासोबत’ म्हणून स्टेटसला फोटो टाकणाऱ्याने या कामात पडू नये. आणि प्रकरण चालू असताना त्याला ‘नक्की काय केलंस’ असं विचारू नका. तो निर्दोष आहे असं धरूनच चालायचं असतं. शिवाय त्याने तुमच्यापाशी मन मोकळं केलं, तर उद्या साक्षीला तुम्हालाच बोलावलं जाऊ शकतं.

सेटलमेंटचा_नातू
मी सेटलमेंट भागातला. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, आणि सोलापुरात आमच्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही विमुक्त झालो म्हणतात. तरी कुठं चोरी झाली की पहिली गाडी अजून आमच्याकडंच येतीय. ‘सुधारायला’ आलेली माणसं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघायलोय. म्हणून इचारतो, हे सोबती कुठनं आणणार? सात रस्त्याच्या बंगल्यातनं आलेला माणूस आमच्या पोराशी बोलंल, पण पोरगं त्याच्याशी बोलणार नाही. आमच्यातलेच रिक्षावाले, वायरमन, नर्सबाई घ्या. त्यांना येण्याजाण्याचं भाडं द्या, कारण रोजंदारीवाल्याची एक संध्याकाळ फुकट नसती.

पूर्वभागवाली
भाड्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तो पटला. गुरुजींचे दोन्ही अभ्यास मी योजनेच्या विरोधात वाचत नाही, योजना कशी असावी याबद्दल वाचते. वर्षापेक्षा कमी वेळ असणाऱ्याला घ्यायचंच नाही. पहिले तीन महिने जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कुणीतरी दर पंधरवड्याला त्या माणसाशीही बोलायचं, मुलाशीही. आणि सगळ्या मुलांना एकत्र जमवून शिबिरं, सहली अजिबात नाहीत, कारण मॅकॉर्डच्या आकड्यांत दुखणं तिथेच दिसलं. एक मुलगा, एक माणूस. पगारी अधिकारी वाढलेच पाहिजेत, पण शनिवारी संध्याकाळी सहा वाजता ‘जेवलास का’ विचारणं ही कुणाची सरकारी ड्युटी होऊ शकत नाही.

निवृत्त_गुरुजी_होटगीरोड
तुम्ही लिहिलेली देखरेख करायलाही माणूसबळ लागतंच. ते नसताना सुरू केलंत, तर माझा विरोध कायम. आधी पाचच मुलं घ्या.

चाटीगल्ली_दुकानदार
पाच असोत की पन्नास, माझी अट एकच. ज्याच्या हातून नुकसान झालं असं मंडळाने ठरवलं, त्या मुलाला समाजसेवेचा आदेशही व्हावा, त्याच कलम १८ मध्ये तो आहे ना वकीलसाहेब? सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हाडाच्या वॉर्डात चार तास बसू दे. मनगट मोडलं की माणसाचे किती महिने जातात ते त्याला कळू दे. सोबत तुमचा सोबती बसणार असेल तर माझी हरकत नाही.

काळाकोट_सोलापूर
हो, कलम १८ मध्येच आहे, आणि नियमांप्रमाणे चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी. रुग्णालयातली मदत त्यात बसते. फक्त कुठे आणि किती तास, हे मंडळ ठरवेल, तुम्ही-आम्ही नाही.