आईला दम लागतो तेव्हा औषधाशिवाय घरी काय करता येईल?

कराडची_लेक
आई ६८ वर्षांची आहे, सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार. आयुष्यात कधी विडी-तंबाखू नाही पण सगळा जन्म चुलीपुढे गेला, डॉक्टर म्हणाले त्या धुरानेच झालंय. पंप वेळच्या वेळी घेते, मागच्याच आठवड्यात दाखवून आणलंय, आहेत तीच औषधं चालू ठेवा म्हणाले. पण रोजचं असं आहे की संडासला जाऊन आली, साडी नेसली की इतका दम लागतो की तोंडातून शब्द फुटत नाही, मग ती घाबरते, ती घाबरली की आम्ही सगळे भोवती गोळा होतो काय होतंय काय होतंय करत, आणि दम अजूनच वाढतो. ऑक्सिमीटर ९३ दाखवतो, म्हणजे आकडा बरा आणि आई कासावीस. रात्री दोन-अडीचला उठून बसते, मी नुसती पाठ चोळत बसते. कुणी घरी असं माणूस सांभाळलंय का? काय केलंत?

श्वास_फिजिओ
ताई, आकडा आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. ९३ असतानाही दम खराच लागतो, आई नाटक करत नाहीये. सीओपीडीत आत घेतलेली हवा नीट बाहेर पडत नाही, छातीत अडकून राहते, त्यात घाबरून भरभर श्वास घेतला की आणखी अडकते. म्हणून "मोठा श्वास घे" असं सांगू नका, "सावकाश सोड" असं सांगा.

आधी बसवायचं. खुर्चीत, पुढे वाकून, कोपरं मांड्यांवर किंवा समोर टेबलावर उशी ठेवून त्यावर हात आणि डोकं. हातांना असा टेका मिळाला की खांद्या-मानेचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. चालताना दम लागला तर भिंतीला पाठ टेकून थोडं पुढे झुकायचं, हात मांड्यांवर. आडवं अजिबात करू नका.

मग फुंकर. आईंनी जन्मभर चूल फुंकलीय पण इथे तसा जोर नको. दिव्याची ज्योत हलेल पण विझणार नाही इतकीच हळू फुंकर, ओठांचा चंबू करून. नाकाने एक-दोन मोजेपर्यंत घ्यायचा, चंबूतून चारपर्यंत सोडायचा. ओठ असे आवळले की आतल्या श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत, अडकलेली हवा निघायला वेळ मिळतो. पण हे दम नसताना रोज दोन-तीनदा करून घ्या हं, ऐन वेळी शिकवायला गेलात तर जमणार नाही.

वाऱ्यावर_विश्वास
माझ्या मिस्टरांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता, शेवटचे सात महिने मी हेच केलं म्हणून लिहिते. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करायला येणाऱ्या सिस्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते, हातात धरायचा छोटा बॅटरीचा पंखा. चेहऱ्यापासून वीतभर लांब धरायचा आणि वारा नाक, ओठ, गालांवर फिरवायचा, पाच मिनिटं. मलाही आधी खरं वाटलं नव्हतं, एवढ्याशा पंख्याने काय होणार. पण केंब्रिजच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये ५० पेशंटवर करून बघितलंय, वारा चेहऱ्यावर घेतला तेव्हा दम कमी वाटला, पायावर घेतला तेव्हा तसा फरक नाही. सिस्टर म्हणाल्या चेहऱ्याच्या नसेला गार वारा लागला की मेंदूला दम कमी जाणवतो. लाइट गेली तर पुठ्ठ्याने वारा घाला, ओल्या रुमालाने तोंड पुसा.

आणि पंखा आईंच्याच हातात द्या. आपल्याला काहीतरी करता येतंय हे कळलं की निम्मी भीती तिथेच उतरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गर्दी करू नका, एकानेच जवळ बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, विचारलंच तर मानेने हो-नाही सांगता येईल असं. मी मिस्टरांसमोर बसून स्वतः हळू फुंकर सोडायचे, ते बघून बघून त्यांचा श्वास माझ्याबरोबर लागायचा.

कराडची_लेक
वाचून रडायलाच आलं. शेजारचे म्हणतात ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणून ठेव, रात्री लावायचं. आणू का?

श्वास_फिजिओ
नाही, मनाने अजिबात आणू नका. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असेल तर मशीनने दमाला सहसा फायदा होत नाही, आणि सीओपीडीत जास्त ऑक्सिजन दिला तर काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. म्हणून त्यांना ऑक्सिजन द्यायची वेळ आली तरी डॉक्टर ऑक्सिमीटरचा आकडा साधारण ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतात. ठरवायचं ते त्यांनीच.

पण हे लक्षात ठेवा, बसून, फुंकर मारून, तातडीचा पंप घेऊनही दम उतरत नसेल, ओठ निळसर, छातीत दुखतंय, खूप झोपाळल्यासारखी किंवा असंबद्ध बोलतेय, कफाचा रंग बदललाय, ताप आहे, एकाच पायाला सूज आहे, तर पंखा वगैरे करत बसू नका, सरळ दवाखाना. आणि दम लागतो म्हणून कायम पलंगावर बसवून ठेवू नका, पायातली ताकद गेली की तेवढ्याच चालण्याला जास्त दम लागतो. थोडं चालायचं, थांबायचं, परत चालायचं.

वाऱ्यावर_विश्वास
अंघोळ राहिली सांगायची. स्टुलावर बसून, पाणी शेजारी उंचावर म्हणजे वाकायला नको, दार थोडं उघडं म्हणजे वाफ कोंडत नाही. साडीऐवजी घरात गाऊन, परकराची नाडी पोटावर आवळलेली नको. उठताना, तांब्या उचलताना, जिथे जोर लागतो तिथे श्वास सोडायचा. जेवण थोडं थोडं चार वेळा, पोट गच्च भरलं की श्वासाला जागा उरत नाही. उदबत्ती, डासांची कॉइल, मिरचीची फोडणी आईंच्या खोलीपासून लांब.

कराडची_लेक
चार दिवसांनी लिहितेय. पंखा आणला, उशाशी ठेवलाय, खुर्ची आणि टेबल पलंगाला लावून. गाऊनला आई आधी नाहीच म्हणाली, मग पुढून बटणं असलेला आणला तर घातला. काल रात्री परत अडीचला उठली पण मला हाक नाही मारली, मला पंख्याच्या आवाजाने जाग आली तर ती उशीवर हात टेकून बसलेली, डोळे मिटून फुंकर चाललेली. मी जवळ जाऊन नुसती बसले. दहा-बारा मिनिटांनी म्हणाली, झोप आता तू.