बोवीला घेणं चूक होती, की ती नंतर चूक ठरली?

बेसलाइन:
जून आला की एनबीए ड्राफ्टच्या (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधले संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्याच्या) गप्पांत १९८४ निघतंच. ह्यूस्टनने पहिला हकीम ओलाजुवान घेतला, पोर्टलंडने दुसरा सॅम बोवी, आणि तिसऱ्या नंबरवर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. तेव्हापासून पोर्टलंडची निवड म्हणजे घोडचूक, हे ठरूनच गेलंय. मला हा अन्याय वाटतो. पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागेवर खेळणारे दोघे होते: ऑल-स्टार जिम पॅक्सन आणि आदल्याच वर्षी घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, मात्र हवा होता, कारण ड्राफ्टच्या जेमतेम दोन आठवडे आधी किकी व्हँडेवेला मिळवण्यासाठी त्यांनी सेंटर वेन कूपरसकट तीन खेळाडू डेन्व्हरला दिले होते. पहिल्या नंबरसाठीची नाणेफेक जिंकले असते तर ओलाजुवानच घेतला असता. निकाल हातात घेऊन पेपर तपासायचा असेल तर कोणीही नापास होईल.

डावा हात:
सेंटर हवा होता हे मान्य. पण बोवीची डावी नडगी? केंटकी विद्यापीठाकडून खेळत असताना त्या हाडामुळे त्याचे लागोपाठ दोन सीझन पूर्ण वाया गेले होते. हे काही नंतर कळलेलं नाही, त्या दिवशी टेबलावर होतं. पुढे काय झालं? पोर्टलंडमध्ये पाच सीझनमध्ये मिळून १३९ सामने. एक सीझन ५ सामन्यांचा, त्याच्या पुढचा शून्य. जॉर्डनचं नावही न काढता ही निवड चुकीची ठरते.

बेसलाइन:
पण त्यांनी त्याला तपासलं होतं, आणि कसून. खुद्द बोवीने २०१२ मध्ये सांगितलं की डॉक्टर पायावर हातोडी मारत होते, आत दुखत होतं, आणि तो काही वाटत नाही म्हणत होता. पेशंटच लपवत असेल तर डॉक्टरने काय करायचं? आणि पहिल्या सीझनमध्ये तो ७६ सामने खेळला, सामन्यामागे १० गुण, ८.६ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं). तेव्हा कोणी बोंब मारली नव्हती.

डावा हात:
ज्याचं अख्खं करिअर त्या एका उत्तरावर टांगलंय, त्या २३ वर्षांच्या पोराला ‘दुखतं का’ विचारायचं आणि त्यावर दुसऱ्या नंबरची निवड करायची? बोवीला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मीही तेच बोललो असतो. दोष विसंबणाऱ्यांचा.

तिसरा क्वार्टर:
एक गोष्ट दोघांकडूनही सुटतेय. दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्याच सामन्यात जॉर्डनचा पाय मोडला. त्या वर्षी तो फक्त १८ सामने खेळला. ते हाड नीट जुळलं नसतं तर आज शिकागोला नावं ठेवत बसलो असतो. पण म्हणून सगळं नशिबावर ढकलू नका. २००७ मध्ये पोर्टलंडनेच केविन ड्युरँटला सोडून ग्रेग ओडेन घेतला. त्याचा गुडघा ड्राफ्टनंतर काही महिन्यांत गेला, आणि पोर्टलंडसाठी तो एकूण ८२ सामने खेळला. तेव्हा बहुतेकांनी ओडेनच घेतला असता, म्हणून मी त्याला दुर्दैव म्हणतो. बोवीची गोष्ट वेगळी. धोका आधी दिसला होता.

बेसलाइन:
ओडेनचं पटलं. बोवीच्या पायाचंही निम्मं पटलं. पण मग बोवी नको तर कोण, तेही सांगा. सेंटर हवाय, ओलाजुवान गेलाय.

डावा हात:
सॅम पर्किन्स. चौथ्या नंबरवर डॅलसने घेतला. उंचीला थोडा कमी, पण आत, बास्केटजवळ, खेळू शकणारा. १७ सीझन खेळला.

बेसलाइन:
हे १७ सीझन तुम्हीही आज बघूनच सांगताय.

डावा हात:
बरं, १७ सीझन सोडून द्या. पर्किन्सचा पाय १९८४ लाही धड होता. मी तेवढंच बघतोय.