अनुभव धागा: ऐतिहासिक गावांतल्या हॅलोविन संध्याकाळी

अमेरिकेतल्या लिव्हिंग हिस्ट्री म्युझियममध्ये, म्हणजे जुनी घरं, शेतं, गिरण्या आणि त्या काळच्या वेशात काम करणारी माणसं असलेल्या गावांत, ऑक्टोबरभर संध्याकाळचे कार्यक्रम असतात. माहीतगारांनी तिकीट, थंडी, मुलं, फोटो यांबद्दल कामाचं लिहावं. नुसतं "मस्त आहे, नक्की जा" नको.

डिअरबॉर्न, मिशिगन

ग्रीनफिल्ड व्हिलेजबद्दल. हेन्री फोर्डने ठिकठिकाणच्या इमारती उचलून आणून वसवलेलं हे गाव; १९२९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. राइट बंधूंचं घर आणि सायकलचं दुकान ओहायोतल्या डेटनहून इथे आणलेलं आहे. हॅलोविनला वाटेच्या दोन्ही कडांना हजाराहून जास्त कोरलेले भोपळे पेटवतात आणि मधूनमधून नट आपापले प्रसंग करत असतात.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि आधीच काढावं लागतं. शनिवार सगळ्यात आधी संपतो. वेळ निवडताना सूर्यास्त बघा: ऑक्टोबरच्या मध्यावर तो ६:५० च्या आसपास असतो, महिनाअखेरीस ६:३० च्या. खरा अंधार त्यानंतर अर्ध्या तासाने. घाबरट पिल्लं असतील तर सगळ्यात लवकरची वेळ घ्या, भोपळे बघायचे असतील तर त्याच्या पुढची. लवकर शिरून अंधाराची वाट बघत रेंगाळू म्हटलं तर मागून गर्दी ढकलत राहते.

स्वेटरपेक्षा बूट महत्त्वाचे. दव पडल्यावर गवताच्या कडा ओल्या होतात आणि कापडी बूट पंधरा मिनिटांत गार पडतात.

न्यूयॉर्क राज्य

हडसन नदीकाठी दोन जागा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. भोपळ्यांचा मोठा देखावा क्रोटन-ऑन-हडसनच्या व्हॅन कोर्टलँड मॅनरला (मॅनर म्हणजे जमीनदाराचा जुना वाडा) असतो. तिथले सगळे भोपळे खरे नसतात, बरेच कृत्रिम असतात. इतके आठवडे चालणाऱ्या प्रदर्शनात खरे टिकणारच नाहीत. गाडीने जाणार असाल तर पार्किंगमधून बाहेर पडण्याचा वेळ धरा. मॅनहॅटनच्या ग्रँड सेंट्रलहून क्रोटन-हार्मनपर्यंत ट्रेन आहे, पुढे टॅक्सी.

दुसरी जागा स्लीपी हॉलो, बिनडोक्याच्या घोडेस्वाराचं गाव. त्या स्वाराची अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने लिहिलेली गोष्ट १८२० ची, पण गावाने हे नाव अधिकृतपणे घेतलं १९९६ मध्ये. त्याआधी ते नॉर्थ टॅरीटाउन होतं. तिथलं फिलिप्सबर्ग मॅनर दिवसा बघा. १७५० साली तिथे २३ गुलाम माणसं राबत होती आणि म्युझियम ती हकिगत लपवत नाही. रात्रीच्या भुतांपेक्षा हे जास्त अंगावर येतं.

मॅसॅच्युसेट्स

वरच्याला जोडून. संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे म्युझियम बघणं नव्हे, हे आधी पक्कं करा. भर कंदील आणि नाट्यावर असतो. लोहार, कुंभार, चुलीवरचा स्वयंपाक निवांत बघायचा तर दिवसाचं तिकीट वेगळं काढा. ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज १८३० च्या दशकातलं न्यू इंग्लंड (अमेरिकेचा ईशान्य कोपरा) दाखवतं. गंमत अशी की त्या काळी तिथल्या खेड्यांत हॅलोविन जवळपास नव्हताच. प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट) वळणाच्या लोकांना तो रुचत नसे आणि तो फोफावला नंतर, आयरिश-स्कॉटिश मंडळी मोठ्या संख्येने आल्यावर. म्हणजे रात्रीचा देखावा आजचा, घरं मात्र त्या काळची. याने मजा कमी होत नाही, फक्त मुलांना "तेव्हा असंच करायचे" असं सांगू नका.

शाकाहारी पालकांसाठी, शिकागो

वाटेवर मुलांना खाऊ मिळतो. गमी, मार्शमेलो आणि कँडी कॉर्न यांत बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेला पदार्थ. छोट्या पुड्यांवर घटक बऱ्याचदा छापलेले नसतात, म्हणून सगळं पिशवीत घालून घरी आणा आणि मग निवडा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे काटेकोर पाळा. मुखवट्याचे नियमही आधी वाचा; मोठ्यांना चेहरा झाकणारा मुखवटा बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

भोपळा कोरणाऱ्यांसाठी

ते बघून आल्यावर घरी कोरायची हुक्की येतेच. झाकण वरून कापलंत तर सुरी आतल्या बाजूला तिरकी धरा, सरळ कापलेलं झाकण आत पडतं. त्याहून बरं म्हणजे तळाशी भोक पाडा: देठ शाबूत राहतो आणि भोपळा दिव्यावर टोपीसारखा ठेवता येतो. कोरायची बाजू खरवडून साधारण अडीच सेंटीमीटर जाड ठेवा. त्याहून जाड असली तर बारीक नक्षीतून उजेड येत नाही, पातळ असली तर कडा दोन दिवसांत आत वळतात.

कोरलेला भोपळा जेमतेम आठवडा टिकतो. मेणबत्तीने तो आतून शिजतो, म्हणून एलईडी लावा. खारींचा बंदोबस्त करा.

कोरायचा मोठा भोपळा घाऱ्यांना घेऊ नका. गर पाणचट आणि तंतूमय असतो, गूळ घातला की पीठ सैल पडतं आणि घाऱ्या तेल पितात. त्यासाठी दुकानात "पाय पम्पकिन" म्हणून मिळतो तो लहान, घट्ट गराचा घ्या.

फोटो

फ्लॅश बंद. फ्लॅश मारला की पेटलेला भोपळा नुसता नारिंगी गोळा दिसतो, शिवाय घोडा जवळ असेल तर तो बुजतो. फोनवर ज्योतीवर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. कॅमेऱ्यावर आयएसओ ३२०० आणि शटर १/६० पासून सुरू करा. धावता घोडेस्वार १/६० ला फराटाच येणार, त्यासाठी १/२५० तरी हवं आणि तेवढा उजेड तिथे नसतो. तो व्हिडिओतच घ्या.