कोर्सपॅकच्या झेरॉक्सला प्रकाशकाची परवानगी कशाला?

अर्धविराम:
वाचनयादीतली प्रकरणं निरनिराळ्या पुस्तकांतून काढायची, झेरॉक्स करायची आणि स्पायरल बांधून विद्यार्थ्यांना द्यायची, हा झाला कोर्सपॅक. यासाठी प्रकाशकाला विचारावं, पैसे मोजावेत? मला तर पटत नाही. दिल्लीच्या निकालानंतरही प्राध्यापक मंडळी दबकत दबकत प्रती काढतात, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. आधार होता कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५२(१)(आय): शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हे उल्लंघन नाही. प्रकाशक म्हणत होते की हा ओघ वर्गातल्या तासापुरताच. न्यायालयाने तो वर्गाबाहेरही नेला. ग्रंथालयात बसून विद्यार्थी जे हाताने उतरवून घेऊ शकतो ते यंत्राने केलं म्हणून गुन्हा ठरत नाही, हा त्यातला मला सर्वात आवडलेला भाग. वर, कॉपीराइट हा दैवी किंवा नैसर्गिक हक्क नव्हे, हेही सुनावलं.

खिळेजुळारी:
निकाल अर्धाच सांगितलात. प्रकाशक अपिलात गेले आणि ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने प्रकरण तथ्यांच्या तपासणीसाठी परत पाठवलं. घेतलेला मजकूर शिकवण्यासाठी खरोखर गरजेचा होता का आणि अख्खी पुस्तकं झेरॉक्स करणं चालतं का, हे तपासायचं होतं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला, त्यामुळे तो तपास झालाच नाही. त्यावर 'वाद मिटला' असं कसं म्हणणार?

आणि त्याच कलमात ५२(१)(एच) आहे, ते कोणी वाचत नाही. शाळा-महाविद्यालयांसाठी वेचे छापणाऱ्या प्रकाशकाला एका लेखकाचे पाच वर्षांत दोनच उतारे घेता येतात. रीतसर पुस्तक काढणाऱ्याच्या हाताला दोन उताऱ्यांची गाठ आणि दुकानदाराला प्रकरणंच्या प्रकरणं मोकळी? हा कुठला न्याय?

अर्धविराम:
(एच) हे प्रकाशनासाठी आहे, म्हणजे कोणालाही विकत घेता येईल अशा पुस्तकासाठी. कोर्सपॅक त्या वर्गाबाहेर कोणी घेत नाही. परत पाठवल्याचं मान्य. पण त्याच खंडपीठाने हेही म्हटलं की या कलमात पानांची मर्यादा नाही, शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागेल तेवढं चालेल. तुम्हीही अर्धंच सांगताय की :)

तळटीप:
अमेरिकेत १९९१ मध्ये किंकोज या फोटोकॉपी साखळीला असेच पॅक विकल्याबद्दल प्रकाशकांना भरपाई द्यावी लागली. १९९६ मध्ये मिशिगन डॉक्युमेंट सर्व्हिसेसही हरली. त्यांच्या कॉपीराइट कायद्यातल्या 'रास्त वापरा'च्या कलम १०७ मध्ये तर वर्गात वाटण्यासाठीच्या अनेक प्रतींचा स्पष्ट उल्लेख आहे, तरीही. कारण दुकान नफा कमावत होतं आणि प्रती काढण्याचे परवाने प्रकाशकांकडून विकत घेण्याचा बाजार आधीच उभा होता.

अर्धविराम:
तिथे बाजारावर काय परिणाम होतो हे कायद्यातच तोलावं लागतं. आपल्या (आय) मध्ये ती अट नाही. संसदेने घातली नाही, ती न्यायालयाने का घालावी?

पाचवं_सत्र:
मी विद्यार्थिनी आहे. यादीत बारा पुस्तकं, प्रत्येकातलं एकेक प्रकरण. ग्रंथालयात प्रत एकच, तीही 'बाहेर नेण्यास मनाई'. पॅक नसता तर आम्ही बारा पुस्तकं विकत घेतली असती असं खरंच वाटतं का कोणाला? आम्ही ती वाचलीच नसती. प्रकाशकाचं नुकसान मोजताना हा हिशोब कोणी धरत नाही. त्या दाव्याच्या वेळी तीनशेहून जास्त अभ्यासकांनी प्रकाशकांना दावा मागे घ्या असं पत्र लिहिलं होतं, आणि ज्यांची प्रकरणं पॅकमध्ये होती असे लेखकही त्यांत होते.

खिळेजुळारी:
त्या अभ्यासकांना पगार विद्यापीठ देतं. पुस्तकाच्या मानधनावर त्यांची चूल पेटत नाही, म्हणून हे औदार्य परवडतं. मराठीत फक्त अभ्यासक्रमासाठी लिहिलेलं पाठ्यपुस्तक घ्या. त्याला दुसरा वाचकच नाही. त्यातली चार प्रकरणं पॅकमध्ये गेली की पुढची आवृत्ती निघत नाही. संशोधनग्रंथातलं एक प्रकरण आणि हे, दोन्ही एकाच मापाने मोजता?

तळटीप:
यावर उपाय आहे: विद्यापीठाने अनेक प्रकाशकांच्या पुस्तकांसाठी मिळून एकच सामूहिक परवाना घ्यावा. भारतीय रिप्रोग्राफिक (म्हणजे झेरॉक्ससारख्या प्रतींच्या) हक्क संघटना त्यासाठीच आहे.

अर्धविराम:
तीच संघटना या खंडपीठाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली होती आणि मे २०१७ मध्ये तिला नकार मिळाला. कायद्याने जे फुकट आहे त्याचा परवाना विकत घ्यायचा, आणि ते पैसे शेवटी फीमध्येच लावायचे?

खिळेजुळारी, पाठ्यपुस्तकाचा मुद्दा मात्र मानतो. जे पुस्तक त्याच वर्गासाठी लिहिलंय, बाजारात मिळतंय, त्यातली प्रकरणं उचलणं म्हणजे पुस्तकाऐवजीच पॅक देणं. शिक्षकाने तिथे हात आवरावा. अख्खं पुस्तक तर नाहीच. पण आवृत्ती संपलेली असेल आणि प्रकाशक पत्राला उत्तरही देत नसेल, तर मी सगळी प्रकरणं झेरॉक्सला देईन.

खिळेजुळारी:
आणि कोणतं पुस्तक 'गरजेचं', हे ठरवणार कोण? शिक्षकच ना. खंडपीठाने तपासायला सांगितलं होतं ते नेमकं हेच.

पाचवं_सत्र:
वाचनयादी शिक्षकांनी नाही ठरवायची तर प्रकाशकांनी ठरवायची का?